विश्वाच्या आरंभाचा वेध घेणारे फादर लमेत्र

विश्वाच्या आरंभाचा गणिताच्या आधारे वेध घेणारे थोर पदार्थवैज्ञानिक रेव्ह. फादर जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. केंब्रिज येथे आर्थर एडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन करून पुढे ते लूव्हेन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ साली आइन्स्टाईन यांच्याच समीकरणांवरून दाखवून दिले. आइन्स्टाईन यांनी गणित मान्य केले. निष्कर्ष मात्र नाकारला. १९२९ साली एडविन हबल यांच्या निरीक्षणांतून दूरदूरच्या दीर्घिका अधिकाधिक वेगाने दूर जात असल्याचे दिसून आले. १९३१ साली फादरांनी सारे विश्व एका आद्य अणूतून उत्पन्न झाले, अशी उपपत्ती मांडली. महास्फोट सिद्धान्ताचे मूळ तिच्यातच आहे.

१९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात अशा संशोधनाचा संबंध परमेश्वराच्या निर्मितिकार्याशी जोडला. फादरांना ते रुचले नाही. आपली उपपत्ती श्रद्धेला पुरावाही देत नाही आणि बाधही आणत नाही, अशी त्यांची धारणा होती. तरीही ख्रिस्तसभेचा त्यांच्यावरील विश्वास अढळ राहिला. १९६० साली ते पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणाचा शोध लागल्याची वार्ता त्यांना अखेरच्या आजारपणात समजली. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रसरणाच्या नियमाला हबल-लमेत्र नियम असे नाव देण्याची शिफारस केली.