विश्लेषण : आठवड्याच्या मजुरीत घड्याळ देणारे रॉस्कॉफ कोण होते? त्यांचेच नाव पुढे बदनाम का झाले?

बॅटरीशिवाय, फक्त चावीवर किंवा मनगटाच्या हालचालीवर चालणारे घड्याळ म्हटले की लाखांतल्या किमती डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात काही हजार रुपयांतही रोजच्या वापराचे यांत्रिक घड्याळ मिळते. सामान्य माणसाला परवडेल, पण वेळ मात्र नीट दाखवेल असे घड्याळ बनवण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने आयुष्यातील उत्तरार्ध खर्ची घातला. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ हे त्यांचे नाव.

कोण होते रॉस्कॉफ?

रॉस्कॉफ यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी जर्मनीतील बाडेन प्रांतातल्या निडरवायलर या गावी झाला. घड्याळांचा वारसा घरात नव्हता. १८२९ मध्ये, सोळाव्या वर्षी ते फ्रेंच शिकण्यासाठी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या गावी आले. तिथे लोखंडी सामान आणि घड्याळांचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी उमेदवारी केली. घड्याळ बनवण्याचे काम ते त्यानंतर शिकले.

ला शो-द-फाँ हे गाव म्हणजे घड्याळांचीच वस्ती होती. कोणी चाके कापायचा, कोणी काटे घडवायचा, कोणी डायल रंगवायचा. एकेका घरात एकेक भाग तयार होई आणि शेवटी सगळ्याची जुळणी होई. कार्ल मार्क्स यांनी ‘दास कॅपिटल’मध्ये या संपूर्ण गावाचे वर्णन एकच भलामोठा कारखाना असे केले आहे. गावातले जवळपास सगळे हात घड्याळे बनवत होते, पण चांगले घड्याळ साध्या मजुराच्या आवाक्याबाहेरच होते.

१८३५ मध्ये रॉस्कॉफ यांनी फ्रान्सवाज लोरिमिए या विधवेशी विवाह केला आणि तिच्या मदतीने स्वतःचा जुळणीचा व्यवसाय उभा केला. परदेशात घड्याळे पाठवूनही त्यात फारसा नफा झाला नाही. तो व्यवसाय विकून त्यांनी काही वर्षे दुसऱ्या कंपनीत नोकरी केली, नंतर भागीदारीही करून पाहिली. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंतची त्यांची कहाणी एका धडपड्या, पण फारसे यश न मिळालेल्या व्यावसायिकाची आहे.

‘श्रमिकांचे घड्याळ’ म्हणजे काय?

१८६० च्या सुमारास रॉस्कॉफ यांनी स्वतःपुढे एक आकडा ठेवला, २० फ्रँक. त्या काळी साध्या मजुराची ही साधारण आठवड्याची कमाई. तेवढ्या पैशांत मजबूत आणि भरवशाचे खिशातले घड्याळ विकायचे, असा त्यांचा निश्चय होता.

म्हणजे आधी किंमत ठरली आणि तिच्यात बसेल असे यंत्र नंतर आखले गेले. आज कोणत्याही उत्पादन कंपनीत हे नित्याचे आहे. त्या काळच्या स्विस घड्याळजींना मात्र ते कमीपणाचे वाटले. गावातले अनेक कारागीर असले काम हाती घ्यायला तयार नव्हते. त्यामुळे रॉस्कॉफ यांना सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून बनवून घ्यावे लागले. घड्याळ बाजारात यायला १८६७ साल उजाडले. फ्रेंचमध्ये त्याला ‘प्रोलेतेर’, म्हणजे श्रमिकांचे घड्याळ म्हटले जाऊ लागले.

खर्च कमी कसा केला?

यांत्रिक घड्याळात चावी दिली की गोल डबीत बसवलेली स्प्रिंग आवळली जाते. ती सुटताना चाकांची साखळी फिरते आणि ‘एस्केपमेंट’ नावाची यंत्रणा त्या फिरण्याला ठरावीक लयीत अडवत-सोडत राहते. टिकटिक होते ती इथेच. रॉस्कॉफ यांनी या रचनेत मोठे बदल केले.

पहिला बदल, मधले चाक काढून टाकले. एरवी हे चाक तासाला एक फेरा मारते आणि मिनिटकाटा चालवते. रॉस्कॉफ यांनी काट्यांना थेट स्प्रिंगच्या डबीवरून गती दिली. एक चाक वाचले, शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत मोठी डबी आणि जास्त ताकदीची स्प्रिंग बसली.

दुसरा बदल, एस्केपमेंटमधील महागड्या माणकाच्या खड्यांऐवजी पोलादी पिना. ही कल्पना आधीपासून माहीत होती, पण मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या घड्याळात ती रॉस्कॉफ यांच्यामुळे रुळली.

तिसरा बदल, एस्केपमेंट वेगळ्या पट्टीवर आधीच जुळवून ठेवणे. ही पट्टी तयार घड्याळात बसवली की काम झाले. जुळणीसाठी निष्णात कारागिराचा वेळ कमी लागू लागला.

सुट्या भागांची संख्या अवघ्या ५७ वर आली. केस चांदीची न करता स्वस्त मिश्रधातूची केली. सुरुवातीच्या घड्याळांत वेळ लावायला झाकण उघडून बोटाने काटा सरकवावा लागे. सोय गेली, पण किंमत खाली राहिली. काटछाट कुठे करायची आणि कुठे नाही, हे त्यांना नेमके कळले होते.

यश मिळाले, मग हातातून का निसटले?

१८६७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात या घड्याळाला कांस्यपदक मिळाले आणि मागणी वाढली. रॉस्कॉफ यांनी फ्रान्स, बेल्जियम अशा देशांत पेटंट घेतले. पण ज्या देशात घड्याळ बनत होते, त्या स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदाच नव्हता. तो आला १८८८ मध्ये. तोपर्यंत शेजारचा कारखानदार रॉस्कॉफ यांची रचना जशीच्या तशी उचलू शकत होता आणि अनेकांनी ती उचललीही.

१८७३ मध्ये, साठाव्या वर्षी रॉस्कॉफ यांनी व्यवसाय विकला आणि ते निवृत्त झाले. १४ एप्रिल १८८९ रोजी बर्न येथे त्यांचे निधन झाले. स्विस पेटंट कायदा येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

त्यांच्यानंतर या पद्धतीची कोट्यवधी घड्याळे बनली. मात्र नक्कल करणाऱ्यांनी जिथे काटछाट करायची नाही तिथेच ती केली. पिनांचे पोलाद हलके, चाके ओबडधोबड. अशी घड्याळे लवकर झिजत. परिणामी ब्राझीलमधील पोर्तुगीज बोलीत ‘रॉस्कोफ’ हा शब्द निकृष्ट वस्तूसाठी वापरला जाऊ लागला. स्वस्तातही दर्जा देता येतो हे दाखवणाऱ्या माणसाचे नाव असे टाकाऊ मालाला चिकटले.

आज घड्याळ घेताना याचा काय उपयोग?

रॉस्कॉफ यांचा विचार मात्र टिकला. पिनांची एस्केपमेंट टायमेक्सच्या मनगटी घड्याळांत विसाव्या शतकात अनेक दशके चालली. भारतात एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली. तिच्या चावीच्या घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. त्याची यंत्रणा रॉस्कॉफ पद्धतीची नाही, त्यात १७ ज्वेल म्हणजे खडे आहेत. हेतू मात्र तोच. २०१३ मध्ये स्वॉचने आणलेले ‘सिस्टिम ५१’ हे स्वयंचलित घड्याळ तर नावाप्रमाणेच ५१ भागांचे आहे.

कमी पैशांत यांत्रिक घड्याळ घेताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा. कंपनीने पैसे नेमके कुठे वाचवले आहेत? साधी केस, साधा पट्टा, यंत्रावर नक्षी नसणे, यात नुकसान काही नाही. पण जिथे घर्षण होते तिथे खडे आहेत का, यंत्र उघडून साफ करता येते का आणि त्याचे सुटे भाग मिळतात का, हे दुकानातच विचारून घ्यावे. घड्याळ किती वर्षे साथ देणार, हे बऱ्याच अंशी यावर ठरते.