मिरजेचे खाँसाहेब

किराना घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. घरात गाणे पिढीजात. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांनी त्यांना तालीम दिली. तरुणपणी ते बडोदा दरबारात गायले आणि पुढे मिरजेस येऊन राहिले.

मिरजेत हजरत मीरासाहेबांचा दर्गा आहे. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने कहर मांडला होता. खाँसाहेबांनाही प्लेग झाला, त्यांनी दर्ग्यात गानसेवा केली आणि ते बरे झाले, अशी हकीकत मिरजेत सांगतात. तिची शहानिशा आता कोण करणार? पण घरेदारे ओस पडण्याच्या त्या दिवसांत माणसांना सुरांचा आधार वाटला, हे सहज पटण्याजोगे आहे. दर्ग्याशी जडलेले त्यांचे नाते अखेरपर्यंत तुटले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, त्या काळी विद्या घराबाहेर जाऊ न देण्याची उस्तादांची रीत होती. खाँसाहेबांनी मात्र १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. नावातला 'आर्य' शब्द ध्यानात घ्या! गरीब मुलांचा भार विद्यालयच उचलीत असे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगळ व शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून लहानगा भीमसेन वेडावला आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडून निघाला.

आपल्यातील काही पालकांना गाणे म्हणजे अभ्यासातला व्यत्यय वाटतो. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. मालवणी मुलखात डबलबारीच्या भजनाला सारा गाव जमतो, तेव्हा शेजारी बसलेल्याची जात कोण विचारतो?

खाँसाहेब दक्षिणेतही गायले. कर्नाटक संगीत त्यांनी आदराने अभ्यासले व त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. संसारसुख मात्र टिकले नाही. १९२२ च्या सुमारास पत्नी ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. त्याच मुलांपैकी हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने आणि सरस्वती राणे यांनी पुढे महाराष्ट्राचे कान तृप्त केले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना घालून घेतला, तंबोरा जुळवला आणि दरबारी कानड्यात ईश्वराची आळवणी करीत २७ ऑक्टोबर रोजी त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यातच आहे. उरुसात तेथे संगीत सभा भरते, हिंदू-मुसलमान गवई हजेरी लावतात आणि रात्र रात्र गाणे चालते.