औंधच्या राजाचा नेम

नवे वर्ष लागले की व्यायामाचे संकल्प सुरू होतात. नवे बूट येतात, जिमची वर्षभराची फी भरली जाते, पहाटेचा गजर लागतो. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत अनेकांचा गजर बंद झालेला असतो. असा एक संकल्प चार दशके कसा टिकला, हे पाहायचे असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजांचे आयुष्य पाहावे.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्यात शिकून ते बी.ए. झाले. त्यांना चित्रकलेची आवड होती, कीर्तनाची आवड होती आणि चांगल्या खाण्याचीही होती. राजवाड्यात पंक्तीला तोटा नव्हता. तरुणपणीच अंगावर चरबी चढली.

त्या काळात युजेन सँडो या जर्मन पहिलवानाचे नाव जगभर गाजत होते. १८९७ च्या सुमारास भवानरावांनी त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने मागवली आणि त्याच्या पद्धतीने व्यायाम सुरू केला. तो त्यांनी सुमारे दहा वर्षे नियमाने केला. वजन उतरले, अंगात ताकद आली. म्हणजे चिकाटी त्यांच्याकडे आधीपासूनच होती.

१९०८ च्या सुमारास, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. सूर्यनमस्कार त्यांनी शोधून काढला, असे काही जण समजतात. ते खरे नाही. महाराष्ट्रातल्या घरांत आणि तालमींत तो आधीपासूनच घातला जात होता. भवानरावांनी त्याला ठरावीक शिस्त लावली. त्यांच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती होत्या. प्रत्येक नमस्काराला मंत्रोच्चार आणि हालचालीबरोबर श्वासाची लय. डंबेल्स नकोत, आखाडा नको, जोडीदार नको. उभे राहण्यापुरती आणि आडवे होण्यापुरती जागा मिळाली की झाले.

१९०९ मध्ये ते गादीवर बसले. राज्यकारभार, दौरे, पाहुणे आणि दरबार यांचा व्याप वाढला, पण सकाळचा नेम मोडला नाही. घरातही हा व्यायाम एकट्या राजांचा राहिला नाही. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालत. संस्थानातल्या शाळांमध्ये मुलामुलींसाठी तो सुरू झाला. त्यांनी त्यावर पुस्तके लिहिली. १९३६ मध्ये इंग्लंडला गेल्यावर तिथल्या पत्रकारांनाही या सत्तरीकडे झुकलेल्या, ताठ चालणाऱ्या राजाचे कुतूहल वाटले. त्यातूनच १९३८ मध्ये लंडनहून लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, भवानराव गेले.

त्यांचे सगळेच दावे आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. बहुतेक आजारांवर नमस्कार हाच उपाय, असा त्यांचा विश्वास होता. कोणताही एक व्यायाम औषधाची जागा घेत नाही. मात्र नेम कसा लावावा, याबाबत त्यांनी जे केले त्याला पुढच्या संशोधनाने दुजोराच दिला आहे.

लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात प्रत्येकाने एक नवी सवय रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली. उदाहरणार्थ, नाश्त्यानंतर चालणे. ती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाचे १८ दिवसांत झाले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. अधूनमधून एखादा दिवस चुकला तरी सवयीची घडी विस्कटली नाही. १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजले तर मार्च उजाडतो. आपण मात्र जानेवारीतच हार मानतो.

भवानरावांच्या नेमात या सगळ्या गोष्टी होत्या. वेळ ठरलेली होती. व्यायाम प्रार्थनेला जोडलेला होता, त्यामुळे आज करू की नको हा प्रश्नच रोज नव्याने उभा राहत नव्हता. साधनांची अडचण नव्हती आणि घरचे सोबत होते. थोड्यापासून सुरुवात करून आकडा हळूहळू वाढवावा, हीच त्यांची शिकवण होती. राजाला वेळ आणि नोकरचाकर होते, हे खरे. पण या व्यायामासाठी त्यातले काहीच लागत नाही.

म्हणून बीड जिल्ह्यातल्या तलवाड्यासारख्या गावात जिम नसली तरी बिघडत नाही. सकाळी त्वरितादेवीच्या दर्शनाला जाण्याचा कुणाचा नेम असेल, तर तीच वाट जरा झपझप चालावी. घरी देवपूजा होत असेल, तर तिच्याआधी सतरंजीवर तीन नमस्कार घालावेत. पंधरवड्याने पाच करावेत. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथवर हळूहळू पोहोचता येते.

रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल, किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. नमस्कार घालताना चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबावे. एखादा दिवस चुकला तर मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच सतरंजीवर पुन्हा उभे राहावे.