रकान्याबाहेरचे कार्व्हर

अहवाल लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. शेतीच्या विस्तारकामात होतो. दर मार्चअखेर एक लांबलचक तक्ता भरावा लागे. डावीकडे अग्रक्रम, उजवीकडे प्रगती. प्रात्यक्षिके किती झाली, मेळावे किती भरले, बियाणे किती पोती वाटले, लाभार्थी किती. असाच एक मेळावा होता. खतांच्या मात्रेवर मी पाऊण तास बोललो. मंडळी पांगली तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी जवळ आली. हे खत उधार मिळते का, आणि पाऊस झाला नाही तर ती उधारी माफ होते का, एवढेच तिला विचारायचे होते. मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. तक्त्यात मात्र तिची नोंद झाली. लाभार्थी, एक.

त्या रात्री मला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवले. मराठी घराला हे नाव नवे नाही. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये आले आणि वाढदिवसाची भेट म्हणून, शाळेचे बक्षीस म्हणून घरोघर पोहोचले. गुलामीत जन्मलेले पोर मोठे होऊन शास्त्रज्ञ कसे झाले, ही गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते. पुढे कार्व्हरांविषयी मिळेल ते मी वाचत गेलो, तेव्हा माझ्या पेशामुळे त्यांच्या आयुष्याची एक वेगळी बाजू मला जवळची वाटू लागली. ते एका संस्थेच्या कृषी विभागाचे प्रमुख होते. त्यांनाही अहवाल द्यावे लागत, आणि त्या परीक्षेत ते वारंवार नापास होत.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड नावाच्या खेड्याजवळ झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामाच्या पोराची तारीख कोण लिहिणार? तान्हा असतानाच लुटारूंनी त्याला आईसकट पळवले. मोझेस कार्व्हर या मालकाने एक घोडा देऊन मूल परत मिळवले, असे सांगतात. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. मोझेस आणि सुझन या निपुत्रिक जोडप्याने जॉर्जला आणि त्याच्या भावाला वाढवले. प्रकृती नाजूक, म्हणून शेतकामाऐवजी जॉर्ज घरातच अधिक रमला. स्वयंपाक, धुणे, विणकाम शिकला आणि उरलेल्या वेळात रानातली रोपे आणून लावू लागला.

काळ्या मुलांची शाळा आठ मैलांवरच्या निओशो गावात होती. तिथे मरिया वॉटकिन्स या सुईणीच्या घरी राहून त्याने अक्षरे गिरवली. पुढे कॅन्ससमध्ये गावोगाव भटकत, लोकांचे कपडे धुऊन तो शिकत राहिला. १८८५ मध्ये एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर रंग पाहून नाकारला. पाच वर्षांनी आयोवातल्या सिम्पसन महाविद्यालयात तो चित्रकला शिकायला गेला. त्याची फुलांची चित्रे पाहून एटा बड या शिक्षिकेने त्याला एम्सच्या कृषी महाविद्यालयाची वाट दाखवली. तिथे १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली. झाडांवरच्या बुरशीच्या अभ्यासात त्याने नाव कमावले. तो तिथेच राहिला असता तर सुसज्ज प्रयोगशाळेतला एक मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून सुखाने निवृत्त झाला असता.

त्याच वर्षी अलाबामातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. तेही गुलामीत जन्मलेले. १८८१ मध्ये त्यांनी टस्कीगी येथे काळ्या मुलामुलींसाठी संस्था काढली होती आणि आता त्यांना कृषी विभाग उभा करायचा होता. पगार वर्षाला हजार डॉलर. ऑक्टोबर १८९६ मध्ये कार्व्हर टस्कीगीला उतरले.

समोर दिसली ती जमीन पाहून एम्सची काळी कसदार माती त्यांना आठवली असेल. वर्षानुवर्षे कापसामागून कापूस घेऊन जमिनीतला नत्र संपला होता, उतारांवर पावसाने खोल घळी पाडल्या होत्या. गुलामी कायद्याने गेली होती, पण बहुतेक काळी कुटुंबे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. बी, पीठ, कापड, सगळे दुकानदाराकडून उभ्या पिकाच्या तारणावर उधार यायचे. हंगामाअखेर हिशेब व्हायचा आणि बहुधा बाकीच निघायची.

प्रयोगशाळेत उपकरणे नव्हती. कार्व्हरांनी विद्यार्थ्यांना घेऊन फुटक्या बाटल्या, टाकलेली भांडी गोळा केली. १८९७ मध्ये राज्याने टस्कीगीला कृषी प्रयोगकेंद्र मंजूर केले आणि वर्षाला दीड हजार डॉलर दिले. जवळच ऑबर्न येथे गोऱ्यांच्या महाविद्यालयाचे केंद्र होते, त्याला कितीतरी पट अधिक पैसा मिळे. एवढ्या तुटपुंज्या रकमेत कोणता प्रयोग करायचा? इथे कार्व्हरांनी आपला अग्रक्रम ठरवला. विकतच्या खतावर उत्तम पीक काढून दाखवणे हा काही त्यांना पराक्रम वाटला नाही. ज्याच्याकडे एक खेचर आहे आणि खिशात काहीच नाही, त्याला उद्या सकाळी जे करता येईल तेच आधी तपासायचे. म्हणून पाणथळीतला कुजका गाळ आणि जंगलातला पालापाचोळा शेतात आला. नत्र परत आणण्यासाठी चवळी, पुढे भुईमूग आला. पोटासाठी रताळी आली.

नव्या पिकाला बाजार नव्हता. मग ते घरात तरी खपले पाहिजे. यातून त्यांच्या प्रसिद्ध पुस्तिका निघाल्या. १८९८ पासून अखेरपर्यंत ४४ निघाल्या. पहिली होती ओकच्या झाडाखाली पडलेली फळे जनावरांना खाऊ घालण्याविषयी. एक थकलेल्या जमिनी सुधारण्यावर, एक गावच्या रंगीत मातीने घराच्या भिंती रंगवण्यावर. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमूग कसा लावावा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करावेत, दोन्ही एकत्र होते. नवऱ्याने लागवडीची पाने वाचावीत, बायकोने पाककृतींची. आपल्याकडे दाण्याच्या कुटाशिवाय स्वयंपाक पुरा होत नाही, त्यामुळे या युक्तीतले शहाणपण आपल्या गृहिणींना सांगायला नको.

जो शेतकरी संस्थेत येऊ शकत नाही त्याच्या दारी संस्था जावी, म्हणून १९०६ मध्ये एक घोडागाडी तयार झाली. मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकाने पैसे दिले, म्हणून तिचे नाव जेसप वॅगन. नांगर, लोणी काढायचे यंत्र, बियाणे असे सामान घेऊन ती गावोगाव जाऊ लागली. टस्कीगीचेच विद्यार्थी थॉमस कॅम्बेल तिचे चालक आणि शिक्षक झाले. पुढे अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने कृषी विस्ताराची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली, पण ही गाडी त्याआधीच रस्त्याला लागली होती.

हे सगळे वाचताना माझी मान अभिमानाने ताठ होई, आणि पुढचे पान उलटले की खाली जाई. कारण विभाग म्हणजे एवढेच नसते. कार्व्हरांकडे वर्ग होते, संस्थेची शेते होती, गोठा आणि कोंबड्याही होत्या. संस्थेतल्या शेकडो तोंडांना दूध, अंडी, भाजी पुरवायची होती. वॉशिंग्टन आकडे मागत. कार्व्हरांचे हिशेब अपुरे, कामे अर्धवट. १९०४ मध्ये कोंबड्यांच्या नोंदी आणि खुराड्यातल्या कोंबड्या यांचा मेळ बसेना. चौकशी समिती नेमली गेली, ठपका कार्व्हरांवर आला, आणि दुखावलेल्या कार्व्हरांनी राजीनाम्याची भाषा केली. पुढेही कुरबुरी चालू राहिल्या. १९१० मध्ये शेतीचा कारभार त्यांचे सहकारी आणि प्रतिस्पर्धी जॉर्ज ब्रिजफोर्थ यांच्याकडे गेला आणि कार्व्हरांसाठी संशोधनाचा वेगळा विभाग काढण्यात आला.

तरुणपणी मी वॉशिंग्टनना मनोमन दोष दिला होता. आता देत नाही. देणगीदारांपुढे रोज हात पसरून ज्याला संस्था चालवायची, त्याला कोंबड्यांचा हिशेब लागतोच. मेलेली कोंबडी ही खरीच मेलेली असते. कार्व्हर मानी होते, हळवे होते, आणि कारभारी म्हणून कच्चे होते. हे मान्य केल्याने त्यांची उंची कमी होत नाही. १९१५ मध्ये वॉशिंग्टन गेले तेव्हा कार्व्हर कितीतरी दिवस सावरले नाहीत.

कीर्ती त्यानंतर आली. १९२१ मध्ये भुईमुगावरील आयातकराच्या सुनावणीत ते वॉशिंग्टन शहरी लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे उभे राहिले. दहा मिनिटे मिळाली होती. पेटीतून एकेक पदार्थ काढत बोलू लागले, तेव्हा वेळ वाढवून देत ती मंडळी ऐकत राहिली. त्यातून वर्तमानपत्रांना एक किमयागार सापडला. पण पीनट बटर त्यांनी शोधले हे खरे नाही. त्यासारख्या लगद्याचे पेटंट कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी १८८४ मध्येच घेतले होते. कार्व्हरांच्या नावावर पेटंटे तीनच, आणि त्यांच्या शेकडो पदार्थांपैकी बाजारात फारसे काही टिकले नाही. दक्षिणेत भुईमूग पसरला, त्यात मेक्सिकोकडून आलेल्या सोंडकिड्याचाही मोठा वाटा होता. १९१० च्या सुमारास तो अलाबामात शिरला आणि कापसाची बोंडे पोखरू लागला. भुईमुगाकडे वळून बरे दिवस पाहिलेल्या एंटरप्राइज गावाने १९१९ मध्ये त्या किड्याचेच स्मारक उभारले!

याहून कडू सत्य आणखी एक आहे. वाट्याने कसणाऱ्याला पीक निवडण्याची मुभा क्वचितच असे. जमीनमालकाला आणि दुकानदाराला कापूसच हवा असे. कार्व्हरांची पुस्तिका परसात पोहोचली, स्वयंपाकघरात पोहोचली, पण कर्जाच्या वहीपर्यंत पोहोचू शकली नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत हजारो कुटुंबे जमीन सोडून उत्तरेकडच्या शहरांत गेली. जमिनीचा कस परत आणण्याचे शास्त्र त्यांच्याकडे होते. जमीन कोणाची, हा प्रश्न त्या शास्त्राच्या हाताबाहेरचा होता.

तरीही त्यांनी अग्रक्रम बदलला नाही. १९४२ मध्ये, जगभर युद्ध पेटलेले असताना, त्यांनी रानभाज्यांवर पुस्तिका काढली. फुकट उगवते ते ओळखा आणि खा, एवढाच तिचा आशय. साठवलेला जवळजवळ सगळा पैसा त्यांनी संशोधनासाठी संस्थेच्या स्वाधीन केला. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले आणि टस्कीगीतच वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. ज्या दोघांचे हिशेबावरून इतके वाजले, ते आता शेजारी शेजारी आहेत. संस्था १९८५ मध्ये विद्यापीठ झाली. शेती आणि पर्यावरण शिकवणारे महाविद्यालय तिथे आजही आहे.

निवृत्तीच्या वेळी मी जुने तक्ते रद्दीत दिले. एक मात्र ठेवून घेतला, त्या मेळाव्याचा. मीही आकडे चुकवले नव्हते; बेरीज बरोबर आहे. पण त्या बाईने विचारले होते ते उधारीचे, आणि मी बोललो होतो ते मात्रेचे. तिच्या बांधावर पाला होता, गोठ्यात शेण होते, परड्यात चवळी होती. दीड हजार डॉलरच्या केंद्रातल्या त्या माणसाने आधी तिकडे पाहिले असते. मी पाहिले नाही, आणि तक्त्याने मला कधी विचारलेही नाही.