समजून घ्या : ‘चांदबीबी महाल’ चांदबीबीचा नाहीच! मग तो बांधणारा सलाबत खान कोण होता?

नागापूर (अहिल्यानगर) : सुट्टीच्या दिवशी पहाटे नागापूर, बोल्हेगाव, सावेडीतून दुचाक्या निघतात आणि भिंगारमार्गे पाथर्डी रस्त्याला लागतात. ठिकाण ठरलेलं असतं, डोंगरावरचा ‘चांदबीबी महाल’. चढ चढायचा, वारा खायचा, फोटो काढायचे आणि ऊन तापायच्या आत घरी यायचं.

ज्यांचे गुडघे चढाला नाही म्हणतात, त्यांच्यासाठी त्याच भागात एक सपाट पर्याय आहे. डोंगराच्या पूर्वेकडे मेहकरी नदीवर भातोडीचा जुना तलाव आहे. त्याच्या बांधावरून आणि खालच्या कालव्याच्या कडेने चालत राहायचं. दम लागत नाही आणि वाट चुकत नाही.

डोंगरावरची वास्तू आणि खालचा तलाव ही दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत. त्याचं नाव सलाबत खान. स्वतःसाठी एवढी उंच कबर बांधूनही लोकांच्या तोंडी नाव दुसऱ्याचंच बसलं.

महाल नव्हे, कबर

चांदबीबीने मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवला तो १५९५-९६ मध्ये. १६०० मध्ये ती मारली गेली. सलाबत खान त्याआधीच, १५८९ मध्ये गेला होता. त्यामुळे या अष्टकोनी, तीन मजली इमारतीचा चांदबीबीच्या पराक्रमाशी थेट संबंध नाही. खालच्या तळघरात उतरलं की कबरी दिसतात. बहुतेक जण तळघरात उतरतच नाहीत, हा भाग वेगळा.

राजा बागेत, कारभार वजिराकडे

सलाबत खान मूळचा दख्खनचा नव्हता. समुद्रापलीकडून येऊन निजामशाहीत नशीब काढणाऱ्यांपैकी तो एक. त्याचा काळ मुर्तजा निजामशहा पहिला (१५६५ ते १५८८) याचा. या सुलतानाने पुढे दरबारात येणंच सोडलं आणि तो बागेतल्या महालात एकांतात राहू लागला. मंत्र्यांनाही त्याची भेट मिळेना. १५८० च्या दशकात राज्य प्रत्यक्षात चालवलं ते सलाबत खानाने.

इतिहासकार फिरिश्ता त्या वेळी नगरच्याच चाकरीत होता. त्याने या कारभाराची मोकळेपणाने स्तुती केली आहे. रस्ते सुरक्षित झाले, व्यापारी निर्धास्त फिरू लागले, बागा-इमारती उभ्या राहिल्या. शहराजवळच्या फराहबागेचं काम १५८३ मध्ये पूर्ण झालं तेही त्याच्याच हातून. फारसी कवी मलिक कुम्मी आणि जुहुरी याच काळात नगरला होते.

पाण्याचं गणित

नगर हे तसं कमी पावसाचं शहर. निजामशाहीने त्यावर काढलेला उपाय म्हणजे नहरी. कापूरवाडीसारख्या डोंगरपायथ्याच्या गावांतल्या विहिरींचं पाणी भाजक्या मातीच्या खापरी नळांतून, जमिनीखालून शहरात आणलेलं. ना पंप, ना मोटार. सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर नळ फुटणार, कमी झाला तर गाळ बसणार. इंजिनिअरिंगला सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये लेव्हल घेताना आमची तारांबळ उडायची, म्हणून हे जास्त जाणवतं.

शेतीसाठी मात्र नळ पुरत नाहीत, साठा लागतो. भातोडीचा तलाव हे सलाबत खानाचं त्या दिशेचं काम. कालव्याकडेची वाट सपाट का वाटते, याचंही उत्तर इथेच आहे. कालव्याला उंची जपून खर्च करावी लागते, म्हणजे जास्तीत जास्त रान त्याच्या खाली येतं. म्हणून तो सरळ न जाता जमिनीच्या समान उंचीच्या रेषेला धरून वळणं घेत जातो. आपण त्याच्या कडेने चालतो तेव्हा पायांना उतार कळत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो.

हारांचं प्रकरण

सुलतानाचा जीव एका नर्तकीवर जडला होता. तिला तो जडजवाहीर देत सुटला. शेवटी विजयनगरच्या रामराजाच्या लुटीत आलेले दोन मौल्यवान हार द्यायची आज्ञा झाली. राज्याचा ठेवा असा जाऊ नये म्हणून सलाबत खानाने हार बदलले. तिने ते ओळखून सुलतानाच्या कानावर घातलं. सगळे दागिने मांडून दाखवायचा हुकूम सुटला, तेव्हाही उत्तम जिन्नस त्याने दडवून ठेवले. चिडलेल्या सुलतानाने उरलेले दागिने आगीत फेकले. तेव्हापासून राजा वेडा झाला, असं लोक मानू लागले.

यात वजिराला हिरो करायचा मोह होतो, पण जरा थांबावं. विजापूरच्या आदिलशहाची बहीण नगरच्या युवराजाला दिली होती. सोलापूर मिळाल्याशिवाय लग्नाचा सोहळा होणार नाही, अशी अट घालून सलाबत खान अडून बसला. प्रकरण युद्धापर्यंत गेलं. सुलतान भडकला आणि त्याने वजिराला कैदेत जायला फर्मावलं.

फौज सलाबत खानाच्या बाजूला होती. लोकांनी अडवलंही. पण त्याने स्वतःच्याच पायांत बेड्या घातल्या, पालखीत बसला आणि कैदेच्या किल्ल्याकडे निघाला. ज्या राजाने दहा वर्षांत धड तोंडही दाखवलं नाही, त्याची आज्ञा मोडणं त्याला जमलं नाही. ही निष्ठा राज्याला महागात पडली, असं मला वाटतं.

कारण पुढचं सगळं फार झपाट्याने घडलं. १५८८ मध्ये युवराज मीरान हुसेनने बापाला तापवलेल्या हमामात कोंडून मारलं. वर्षभराच्या आत तोही मारला गेला आणि सत्ता जमाल खानाकडे गेली. वऱ्हाडातल्या सरदारांनी सलाबत खानाला बाहेर काढून पुढे केलं, पण पैठणजवळ जमाल खानाने त्याचा पराभव केला. तो बुऱ्हाणपूरकडे पळाला. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला अखेर परत येऊन तळेगावात राहायची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी, १५८९ मध्ये तो वारला. दफन डोंगरावरच्या त्या कबरीत झालं.

तलावाची दुसरी लढाई

भातोडीचा तलाव पुन्हा चर्चेत आला तो १६२४ मध्ये. मोगल आणि आदिलशाही फौजा इथे तळ देऊन होत्या. मलिक अंबरने तलावाचं पाणी सोडलं आणि छावणीभोवती चिखल केला. तोफा, घोडी, रसद सगळं अडकलं. निजामशाहीने लढाई जिंकली. शहाजीराजे या युद्धात होते, त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. शेताला पाणी द्यायला बांधलेला तलाव असा शस्त्र म्हणून वापरला गेला. पुढे इंग्रजी अमलात जुन्या कामाची दुरुस्ती झाली आणि कालव्याने पुन्हा सिंचन सुरू झालं.

जाणार असाल तर

हिवाळ्यातली सकाळ उत्तम. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटते आणि बांध निसरडा होतो. कालव्यालगतची रानं खासगी आहेत, पिकात शिरू नका. आधी डोंगर, मग तलाव असा क्रम ठेवला तर ऊन चढायच्या आत चढ संपतो. आणि वर गेलात तर या वेळी तळघरात नक्की उतरा, मोबाइलचा टॉर्च लागेल.