पाण्यात उलटं झाल्यावर कुस्तोंना काय कळलं?

स्कुबा डायव्हिंगच्या रील्समध्ये पाठीवरचे सिलिंडर तुम्ही पाहिले असतील. ते यंत्र पाठीवर नेमकं कुठे बसतं यावर किती काही अवलंबून असतं, हे जॅक कुस्तो यांना नदीत उलटं झाल्यावर कळलं.

१९१० साली फ्रान्समध्ये जन्मलेले, नौदलातले कुस्तो वैमानिक व्हायच्या तयारीत होते. मोटार अपघातात हात जायबंदी झाले, विषय संपला. मग समुद्रात पोहता पोहता पाण्याचंच वेड लागलं.

१९४३ मध्ये, ऐन थंडीत, इंजिनियर एमिल गान्यांसोबत बनवलेलं यंत्र पट्ट्यांनी पाठीला बांधून ते मार्न नदीत उतरले. उभं राहिलं की हवा फुकट वाहून जायची, डोकं खाली केलं की श्वासच ओढता येईना! घोळ असा, की हवा आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती. पाण्यात काही इंचांनीही दाब बदलतो. दोन्ही जवळजवळ आणल्या, प्रश्न मिटला. त्याच जूनमध्ये भूमध्य समुद्रात त्यांनी मनसोक्त कोलांट्या मारल्या.

१९९७ मध्ये कुस्तो गेले. आजही जोडसिलिंडर लावणारे आधी पट्टेच आवळून बघतात. ढिले राहिले तर टाक्या एका कुशीला कलतात, खाली सरकल्या तर पाय बुडू लागतात.