अक्षरांचे शिल्पकार : र. कृ. जोशी



आपलें भोकरदन म्हणजे प्राचीन काळचें भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगराचें नांव आढळतें. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं हस्तिदंताची एक भारतीय मूर्ति सांपडली. तिच्याशीं बरेंच साम्य असलेली मूर्ति पुढें १९७३-७४ च्या उत्खननांत भोकरदन येथें मिळाली. त्यावरून पाँपेईची ती मूर्ति याच भागांत घडली असावी, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तिच्या तळाशीं एक अक्षर कोरलेलें आहे. पण तें कोरणाराचें नांव मात्र कोणासही ठाऊक नाहीं. ज्याचें काम सातासमुद्रांपलीकडे जातें आणि ज्याचें नांव मागें राहतें, अशाच एका कारागिराचें चरित्र आज आपणांस सांगावयाचें आहे.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६ सालीं झाला. मुंबईच्या प्रसिद्ध जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं उपयोजित कलेचें शिक्षण घेतलें आणि उपजीविकेसाठीं जाहिरातीचा व्यवसाय पत्करला. उल्का या जाहिरातसंस्थेंत त्यांनीं अनेक वर्षें कलादिग्दर्शकाचें काम केलें. परंतु त्यांचें खरें प्रेम अक्षरांवर होतें. ते कविही होते. १९६० नंतर मराठींत अनियतकालिकांची जी चळवळ उभी राहिली, तींत त्यांचा सहभाग होता. आणि शब्दांच्या अर्थाइतकीच त्यांची कागदावरील मांडणीही बोलकी असावी, या विचारानें त्यांनीं आपल्या कविता रचल्या. सुलेखन म्हणजे केवळ कित्ता गिरविणें नव्हे. अक्षराला अंग आहे, तोल आहे आणि गति आहे, ही दृष्टि त्यांनीं अनेक तरुणांना दिली. भारतांतील सर्व भाषा एकाच लिपींत लिहितां याव्यात, म्हणून ‘देशनागरी’ नांवाची लिपि योजण्याचाही त्यांनीं प्रयत्न केला.

इकडे जोशी बोरू आणि कुंचला चालवीत असतां दूर अमेरिकेंत एक निराळीच क्रांति होत होती. आरंभींच्या संगणकाशीं सामान्य माणसास बोलतां येत नसे. ठराविक सांकेतिक आज्ञा पाठ करून त्या बिनचूक टंकित केल्या, तरच तें यंत्र हालत असे. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत डग्लस एंगेलबार्ट यांनीं ‘माउस’ नांवाचें लहानसें साधन हातांत धरून पडद्यावरील मजकूर हवा तेथें दाखवून निवडतां येतो, हें सभेपुढें सिद्ध केलें. १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभ्या कागदासारखा असून त्यावर आडवे ६०६ व उभे ८०८ ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणें काळा किंवा पांढरा करतां येत असे. १९८१ सालच्या ‘स्टार’ या संगणकानें तर पडद्यावर लिहिण्याचें मेजच मांडलें. त्यावर कागद, फाइली व टपालपेट्या यांचीं चित्रें होतीं. पुढें १९८४ सालीं ‘मॅकिंटॉश’ व १९८५ सालीं ‘विंडोज’ यांच्या द्वारें ही सोय घरोघर जाऊं लागली.

पडद्यावरचें सारेंच चित्र झालें, म्हणजे अक्षरही चित्रच झालें. आणि येथेंच आपल्या लिपीपुढें पेंच उभा राहिला. रोमन अक्षरें एकापुढें एक ठेवलीं कीं काम होतें. देवनागरीचें तसें नाहीं. ‘किरण’ म्हणतांना आधीं ‘क’ उच्चारावयाचा आणि मग इकार. पण लिहितांना वेलांटी आधीं येते. ‘सूर्य’ या शब्दांतील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरें तर शेंकडों! शिरोरेघेवर मात्रा व अनुस्वार, खालीं उकार. आणि पडद्यावरील ओळीची उंची मात्र बेतलेली रोमन अक्षरांच्या मापानें. शिवाय ज्यानें त्यानें आपापल्या परीनें अक्षरांचे संकेत ठरविल्यामुळें एका यंत्रावर लिहिलेलें मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडलें असतां निरर्थक चिन्हांचा ढीग दिसत असे. ही अडचण सुटली नसती, तर मराठी माणसास या नव्या मेजापाशीं परक्या भाषेचाच आधार घेऊन बसावें लागलें असतें.

जोशी यांनीं हें आव्हान ओळखलें. भरभराटीचा व्यवसाय सोडून ते मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्रांत प्राध्यापक झाले. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रांत त्यांनीं संगणकावर भारतीय अक्षरें घडविण्यासाठीं ‘विन्यास’ ही योजना सिद्धीस नेण्यांत पुढाकार घेतला. दरम्यान जगांतील सर्व लिपींना समान संकेत देणारी ‘युनिकोड’ पद्धति १९९१ पासून आकारास आली. तरी संकेत म्हणजे नुसता अंक; त्याला रूप देणारा हात हवा. विनय सायनेकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह जोशी यांनीं ‘मंगल’ हें देवनागरी अक्षरकुल रेखाटलें. प्रत्येक अक्षराचा घाट गणिती वक्ररेषांनीं नोंदवावयाचा, पुढें तें अगदीं लहान आकारांत थोड्याच ठिपक्यांवर उमटलें तरी ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळ होतां कामा नये, याची काळजी घ्यावयाची, असें हें चिकाटीचें काम होय. २००० सालच्या ‘विंडोज’बरोबर ‘मंगल’ जगभर गेलें. त्याखेरीज तमिळ, गुजराती, कानडी आदि लिपींचीं अक्षरेंही त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालीं. २०१२ नंतर पडद्यावरील याद्या व सूचनांसाठीं ‘मंगल’ची जागा दुसऱ्या अक्षरकुलानें घेतली खरी, पण मधल्या काळांत कित्येक मराठी माणसांनीं संगणकावर आपलें नांव मराठींत प्रथम पाहिलें, तें त्याच अक्षरांत.

अखेरच्या वर्षांत वैदिक मंत्रांच्या स्वरचिन्हांना युनिकोडमध्यें स्थान मिळावें, म्हणून ते झटत होते. फेब्रुवारी २००८ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांचें निधन झालें. ज्या नगरींत चाळीस वर्षांपूर्वीं त्या लहानशा माउसनें नव्या युगाचें दार उघडलें होतें, त्याच नगरींत त्या दारांतून आपल्या लिपीला आंत नेणाऱ्या या कलावंतानें देह ठेवावा, हा योगायोग चटका लावणारा आहे.

मित्रहो, तुमच्यांतील बहुतेकांचा जन्म त्यांच्या मागून झाला. तुम्हीं सहज बोट लावतांच पडद्यावर मराठी अक्षर उमटतें, तेव्हां तें आपोआप उमटतें असें समजूं नका. त्यामागें बोरूनें वळण गिरविलेला एक हात आहे. यंत्र कितीही चतुर झालें, तरी त्याला अक्षर शिकवावें लागतें तें माणसानेंच. आणि ज्याला स्वतःचें अक्षर प्रिय आहे, तोच तें शिकवूं शकतो. म्हणून आपली वही आधीं स्वच्छ व सुवाच्य ठेवा. भोगवर्धनाच्या कारागिरांचा वारसा जपण्याचा तो पहिला धडा होय.